जॅग्वार ई-टाइप की जुनी पोर्शे ९११ : संग्रहासाठी कोणती घ्यावी?

मूळ लेखन

साठच्या दशकातील एक तरी युरोपीय स्पोर्ट्स कार आपल्याकडे असावी, अशी इच्छा बाळगणाऱ्या आणि त्यासाठी काही वर्षे पैसा बाजूला टाकणाऱ्या मराठी मंडळींची संख्या इंग्लंड, जर्मनी आणि अमेरिकेत आता लक्षणीय आहे. त्यांच्या गप्पांत शेवटी दोन नावांवर गाडी अडते : जॅग्वार ई-टाइप आणि पोर्शे ९११. या दोहोंची तुलना इंग्रजीत पुष्कळ झाली आहे, परंतु ती बहुधा वेग आणि सौंदर्य यांभोवती फिरते. गाडी विकत घेताना, घेतल्यावर आणि पुढे विकताना ज्या गोष्टी खरोखर महत्त्वाच्या ठरतात, त्यांविषयी येथे सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

तुलनेची चौकट आधी स्पष्ट करतो. ई-टाइप म्हणजे येथे पहिली मालिका, म्हणजेच १९६१ ते १९६८ या काळातील, आणि तीतही मुख्यतः ऑक्टोबर १९६४ नंतरची ४.२ लिटर इंजिनाची गाडी. ९११ म्हणजे १९६४ ते १९७३ या काळातील लांब बॉनेटची, लहान बंपरची गाडी. १९७१ नंतरची बारा सिलिंडरची ई-टाइप आणि १९७४ नंतरची जाड बंपरची ९११ हे वेगळे विषय आहेत.

दोन्ही गाड्यांचा जन्म अगदी वेगळ्या विचारातून झाला. ई-टाइप १५ मार्च १९६१ रोजी जिनिव्हात जगासमोर आली. तिची रेषा आखणारे माल्कम सेअर हे विमान उद्योगातून आलेले वायुगतिकीचे अभ्यासक होते आणि त्यांनी या गाडीची वळणे गणिताच्या तक्त्यांवरून काढली. १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या जॅग्वारच्याच डी-टाइप या शर्यतीच्या गाडीचा वारसा तिच्या सांगाड्यातच आहे : मधला भाग पत्र्याचा एकसंध कोश, आणि त्याच्या पुढे बोल्टने जोडलेली चौकोनी नळ्यांची चौकट, जिच्यावर इंजिन आणि पुढचे सस्पेन्शन बसते. जिनिव्हात गाडीतून फेरी मारण्यासाठी एवढी झुंबड उडाली की कंपनीचे चाचणी-चालक नॉर्मन ड्युइस यांना दुसरी गाडी घेऊन कॉव्हेंट्रीहून रात्रभर प्रवास करत तेथे पोहोचावे लागले. हा प्रसंग मला दंतकथांपेक्षाही मोलाचा वाटतो, कारण गाडी रात्रभर हाणली आणि सकाळी ती पुन्हा लोकांना फिरवू लागली, यातच तिच्या यंत्राची परीक्षा होती.

९११ सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९०१ या क्रमांकाने आली. मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आपल्या हक्काचे आहेत, अशी हरकत प्यूजो कंपनीने घेतल्यामुळे शून्याच्या जागी एक आला. फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी तिचा आकार ठरवला. मागच्या आसाच्याही मागे बसवलेले, हवेने थंड होणारे, आडव्या सहा सिलिंडरचे १९९१ घनसेंटिमीटरचे इंजिन सुरुवातीला १३० अश्वशक्ती देत असे. ई-टाइपचे ३.८ आणि ४.२ या दोन्ही इंजिनांचे जाहीर केलेले बळ २६५ अश्वशक्ती होते. कागदावर हे अंतर दुपटीचे दिसते, पण ब्रिटिश आकडा इंजिन सुटे ठेवून मोजण्याच्या उदार पद्धतीचा आहे आणि जर्मन आकडा तसा नाही. ई-टाइपच्या ताशी १५० मैल, म्हणजे सुमारे २४१ किलोमीटर, या प्रसिद्ध वेगाविषयीही एवढेच म्हणेन की तो वार्ताहरांसाठी खास तयार केलेल्या गाडीने गाठला होता आणि गिऱ्हाइकांच्या हाती आलेल्या गाड्या बहुधा त्याच्या आतच राहत.

चालवण्याचा अनुभव दोन टोकांचा आहे. ४.२ लिटरच्या ई-टाइपमध्ये सर्व पुढच्या गिअरना सिंक्रोमेश (गिअर सहज पडू देणारी रचना) मिळाला, आसने बसण्याजोगी झाली, ब्रेकला चांगला सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारे साधन) मिळाला, आणि टॉर्क, म्हणजे खेचण्याचे बळ, वाढल्यामुळे चौथ्या गिअरमध्ये अगदी मंद गतीवरूनही गाडी कुरकुर न करता खेचते. ३.८ मध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, गिअरबॉक्स सावकाश हाताळावा लागतो आणि ब्रेकवर पायाचा पूर्ण भार द्यावा लागतो. बाजार ३.८ च्या अगदी आरंभीच्या, सपाट तळाच्या आणि बाहेरून बॉनेटची कडी असलेल्या गाड्यांना सर्वाधिक भाव देतो. दुर्मीळतेच्या दृष्टीने ते ठीक आहे, परंतु ज्याला गाडी रस्त्यावर काढायची आहे त्याने ४.२ घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

९११ मध्ये हेच वळण १९६९ च्या मॉडेलपाशी येते. त्याआधीच्या गाड्यांची दोन आसांमधील लांबी २२११ मिलिमीटर होती आणि वळणात एक्सलरेटरवरून अचानक पाय उचलला की मागची बाजू सुटत असे. कंपनीने काही आरंभीच्या गाड्यांच्या पुढच्या बंपरच्या आत चक्क ओतीव लोखंडाची वजने बसवली होती. १९६९ च्या मॉडेलसाठी मागची चाके ५७ मिलिमीटर मागे नेण्यात आली, एका बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत गेल्या, आणि गाडीचा स्वभाव सुधारला.

आता मुख्य मुद्दा. ई-टाइपची किंमत तिच्या देहात आहे आणि जुन्या ९११ ची किंमत तिच्या ओळखीत आहे. ई-टाइपमध्ये एकाच मालिकेतील आणि एकाच इंजिनाच्या दोन कूपे (बंद छताच्या गाड्या) यंत्राच्या दृष्टीने सारख्याच असतात, म्हणून त्यांच्या भावातील फरक जवळजवळ सगळा पत्र्याच्या आणि कामाच्या दर्जाचा असतो. ९११ मध्ये टी, ई आणि एस या चढत्या बळाच्या तिन्ही प्रकारांचा पत्रा दिसायला सारखाच, परंतु भाव मात्र पायरीपायरीने चढतो, आणि १९७२ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या २.७ लिटरच्या करेरा आरएस या खास ९११ पाशी तर तो वेगळ्याच जगात जातो. त्यामुळे पहिल्या गाडीत गंज लपवण्याचा मोह होतो आणि दुसरीत टी ची एस करण्याचा. खरेदीदाराने आपली तपासणी त्यानुसार आखली पाहिजे. जाणकारांनी आपले अनुभव मांडावेत.

प्रतिसाद – स्टुटगार्टजवळचा

धागा उत्तम आहे. परंतु ९११ मध्ये गंज दुय्यम आहे, असा अर्थ कोणी काढू नये. या काळातील ९११ चा पत्रा साधा पोलादी आहे. पूर्ण जस्तलेपित देह १९७६ च्या मॉडेलपासून आला. ज्या भागांवर मागचे सस्पेन्शन उभे आहे ती आडवी नळी, दारांखालचे आतले कप्पे, पेट्रोलच्या टाकीखालचा पुढचा पत्रा आणि बॅटऱ्यांच्या जागा ही चार ठिकाणे कुजलेली असतील, तर वरून चकाकणारी गाडी आतून पोकळ आहे असे समजावे. गाडी लिफ्टवर उचलून, पुढची डिकी उघडून, गालिचा काढून आणि हाताने चाचपूनच निर्णय घ्यावा. रंगाच्या जाडीचे यंत्र जवळ असल्यास पुट्टी किती थापली आहे तेही कळते.

ओळखीविषयी थोडी भर घालतो. १९७० ते १९७३ च्या मॉडेलांत चासी नंबर ९११ ने सुरू होतो, चौथा आकडा मॉडेलचे वर्ष सांगतो आणि पाचवा प्रकार सांगतो : १ म्हणजे टी, २ म्हणजे ई, ३ म्हणजे एस. आरएसचा नंबर ९११३६ ने सुरू होतो. म्हणजे कोणी तुम्हाला १९७२ ची एस म्हणून गाडी दाखवली आणि नंबर ९११२१ ने सुरू होत असेल, तर पुढचे संभाषण वेगळ्या भावाने व्हायला हवे. अर्थात नंबरचा पत्राच कापून दुसरीकडे जोडल्याची उदाहरणे आहेत, म्हणून त्या पत्र्याच्या कडेची वेल्डिंग आरशाने आणि टॉर्चच्या उजेडात पाहावी. इंजिनाचा नंबर क्रँककेसवर पंख्याच्या बाजूला ठोकलेला असतो. तेथील पृष्ठभागावर मूळ ओतीव धातूचा पोत असला पाहिजे. तो घासून गुळगुळीत केलेला दिसला, किंवा आकड्यांचे वळण एकसारखे नसले, तर शंका घ्यावी.

आरएसच्या १५८० गाड्या तयार झाल्या, आणि बदकाच्या शेपटीसारखा तो मागचा पंख लावून आरएसचे रूप दिलेल्या साध्या ९११ आज सर्वत्र आहेत. सोंग म्हणून त्या वाईट नाहीत, फक्त त्यांचा भाव सोंगाचा असावा.

प्रतिसाद – मिडलँड्समधील वर्कशॉपवाला

मी ब्रिटिश गाड्यांच्या दुरुस्तीत आहे, म्हणून ई-टाइपच्या बाजूने आणि विरुद्ध असे दोन्ही लिहितो.

तिचे यंत्र अत्यंत सोशिक आहे. एक्सके, म्हणजे ई-टाइपच्या सहा सिलिंडरच्या, इंजिनाचे सुटे भाग जवळपास सगळे नवे मिळतात, ते काम जाणणारे लोक अजून आहेत, आणि तेलाचा दाब व तापमान यांवर लक्ष ठेवले तर ते इंजिन सहसा दगा देत नाही. खर्च येतो तो देहावर. बॉनेट म्हणजे पुढच्या दोन्ही मडगार्डसह अख्खा पुढचा भाग आहे. तो अनेक तुकड्यांचा बनलेला असतो, पुढे झुकून उघडतो, आणि त्याच्या कडा दारापाशी व काचेखाली जुळवण्यात निष्णात कारागिराचेही दिवस जातात. गाडी पाहायला गेलात की बॉनेट बंद करून दोन्ही बाजूंच्या फटी वरपासून खालपर्यंत पाहा. मग दारांच्या फटी पाहा. दाराखालच्या सिल, म्हणजे पत्र्याच्या पट्ट्या, बदलताना देहाला आतून आधार दिला नसेल, तर मधला कोश किंचित वाकतो आणि दाराची फट वर अरुंद व खाली रुंद होते. हा दोष रंगाने झाकता येत नाही.

पुढच्या नळ्यांच्या चौकटीविषयी एक इशारा. या नळ्या आतून गंजतात, आणि बाहेरून काळा रंग सुरेख असतो. त्यांवर डाग मारून वेल्डिंग केलेले दिसले, तर ती चौकट बदलायचीच आहे असे धरून भाव करा.

मागचे ब्रेक हे या गाडीचे खरे दुखणे आहे. डिस्क चाकापाशी नसून आत, डिफरन्शियलला (मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या पेटीला) लागून आहेत. रचना सुंदर आहे, कारण चाकावरचे वजन घटते. परंतु ब्रेकची उष्णता डिफरन्शियलच्या ऑइल सीलला लागते, सील कडक होते, तेल डिस्कवर येते आणि ब्रेक निकामी होतात. ते नीट करायचे तर मागचे सस्पेन्शन आपल्या पोलादी पिंजऱ्यासह खाली उतरवावे लागते. म्हणून चाचणीच्या वेळी गाडी खड्ड्यावर घेऊन त्या पिंजऱ्यात टॉर्च मारा. डिस्कच्या आतल्या बाजूला तेलाची ओल दिसली, तर ते काम विक्रेत्याच्या खर्चाने व्हावे किंवा किमतीतून वजा व्हावे.

प्रतिसाद – न्यू जर्सीहून

वरील दोन्ही प्रतिसाद साठवून ठेवावे असे आहेत. अमेरिकेतून पाहणाऱ्यांसाठी एक मुद्दा मांडतो. ई-टाइपच्या फार मोठ्या संख्येने गाड्या या देशात आल्या. कोरड्या राज्यांत राहिलेल्या गाड्यांचा पत्रा बरा असतो, परंतु उन्हाने आतले चामडे, रबर आणि वायरिंग यांची राख होते. ईशान्येकडील गाड्यांना हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने खाल्लेले असते.

माझा प्रश्न असा : मूळ रंग, मूळ आसने, पण जागोजागी झिजलेली गाडी घ्यावी, की पूर्ण नव्याने केलेली?

धागाकर्ता

न्यू जर्सीच्या मित्रांना उत्तर. ९११ असेल तर झिजलेली मूळ गाडी घ्यावी, ई-टाइप असेल तर उत्तम प्रतीने आणि छायाचित्रांच्या नोंदीसह नव्याने केलेली घ्यावी. मूळ लेखनातील विचारच येथे पुढे जातो. ९११ मध्ये मूळ पत्रा, मूळ रंग आणि कारखान्यातील खुणा हाच ओळखीचा पुरावा असतो. पूर्ण उकलून पुन्हा बांधलेल्या गाडीत हा पुरावा बराचसा नाहीसा होतो, आणि मग केवळ कागदावर विसंबावे लागते. ई-टाइपमध्ये जुना, न उघडलेला कोश म्हणजे आत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसलेला कोश. दर टप्प्याची छायाचित्रे असलेले काम विकत घेणे अधिक शहाणपणाचे, आणि बहुतेक वेळा ते काम करवून घेण्यापेक्षा स्वस्तही पडते, कारण आधीच्या मालकाने घातलेला सगळा पैसा विक्रीत वसूल होत नाही.

वर्कशॉपवाल्यांच्या मुद्द्याला जोडून लिहितो. जॅग्वारचे हेरिटेज प्रमाणपत्र अवश्य मागवावे. त्यात चासी, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी यांचे मूळ क्रमांक, मूळ रंग आणि गाडी कोठे पाठवली होती ते नोंदलेले असते. ४.२ च्या इंजिनाचा क्रमांक '७ई' ने सुरू होतो, शेवटी आडव्या रेषेनंतर येणारा आकडा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबले जाते ते) दाखवतो, आणि तो क्रमांक ब्लॉकवर तेलाच्या फिल्टरच्या वर तसेच सिलिंडर हेडच्या पुढच्या भागावर असतो. दोन ठिकाणचे क्रमांक जुळत नसतील, तर हेड बदलले आहे. तो अपराध नव्हे, परंतु जाहिरातीत 'सर्व क्रमांक जुळणारी' असे छापलेले असेल, तर विक्रेत्याचे बाकीचे शब्दही तपासून घ्यावे लागतील.

प्रतिसाद – पुण्याहून एक वाचक

आपल्या सर्वांच्या माहितीने भारावून गेलो आहे. जॅग्वार २००८ पासून टाटांकडे असल्यामुळे आमच्याकडे या नावाविषयी आपुलकी आहे. माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. यांपैकी एखादी गाडी पुण्यात आणणे आजच्या नियमांत शक्य आहे का, आणि शक्य असल्यास कोणती आणावी?

धागाकर्ता

पुणेकरांनी विचारले ते बरे झाले, कारण येथे दोन गाड्यांतील निवड अगदी वेगळ्या कारणांनी ठरते.

पूर्वी केवळ १९५० च्या आधीच्या गाड्यांना खास सवलत होती. आता किमान ५० वर्षे जुनी गाडी वैयक्तिक वापरासाठी आणता येते, म्हणजे आपल्या चौकटीतील दोन्ही गाड्या वयाच्या अटीत बसतात. मात्र सीमाशुल्क आणि इतर कर मिळून गाडीच्या किमतीहून अधिक होतात, हे आधीच हिशेबात धरावे, आणि त्या दिवशी लागू असलेल्या अटी जाणकार कस्टम्स एजंटाकडून लेखी घ्याव्यात. नोंदणीसाठी २०२१ साली केंद्राने विंटेज वाहनांचे वेगळे नियम केले. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, आणि गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी ती काढता येते.

आता स्टिअरिंगची बाजू. भारतात उजव्या हाताची गाडी हवी. ई-टाइप ब्रिटनचीच असल्यामुळे उजव्या हाताच्या गाड्या पुरेशा आहेत. उजव्या हाताच्या जुन्या ९११ मुळातच थोड्या बनल्या आणि त्यांचा भाव त्यामुळे चढा असतो. येथे आणखी एक सावधगिरी हवी : अमेरिकेतून परत आणून उजव्या हाताच्या केलेल्या ई-टाइप ब्रिटनमध्ये बऱ्याच आहेत. सुदैवाने चासी नंबर हे लपवू देत नाही. ४.२ कूपेचे उजव्या हाताचे क्रमांक १ई२०००१ पासून सुरू होतात आणि डाव्या हाताचे १ई३०००१ पासून. उघड्या गाडीत उजवा हात १ई१००१ पासून आणि डावा १ई१०००१ पासून. बदललेली गाडी चालवायला वाईट नसते, फक्त मूळ उजव्या हाताच्या भावाने ती घेऊ नये.

प्रतिसाद – मिडलँड्समधील वर्कशॉपवाला

पुण्यासाठी दोन तांत्रिक सूचना. पहिली इंधनाची. भारतात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास मिळते. इथेनॉल ओलावा धरते आणि जुने रबर खाते. गाडी जहाजावर चढण्यापूर्वीच पेट्रोलच्या सगळ्या नळ्या, पंपाचे पडदे आणि कार्बोरेटरची सील इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारची बसवून घ्या, आणि महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा. ई-टाइपचे तीन एसयू बनावटीचे कार्बोरेटर कोणत्याही जुन्या, हुशार मेकॅनिकला समजतील. १९६९ नंतरच्या ९११ ई आणि एस मधील, इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या बॉशच्या यांत्रिक इंजेक्शन पंपाचे तसे नाही. तो बिघडला तर खोलून परदेशी पाठवावा लागेल.

दुसरी उष्णतेची. ई-टाइपचे रेडिएटर आणि विजेचा पंखा आपल्या गर्दीसाठी बनलेले नाहीत. पुरेशा गाभ्याचे नवे रेडिएटर, चांगला पंखा आणि थर्मोस्टॅटचे स्वच्छ घर, एवढे केल्याशिवाय एप्रिल-मे महिन्यांत तिला लक्ष्मी रस्त्यावर नेऊ नये. ९११ हवेने थंड होते, तरी तिलाही वाहता वारा लागतो. तिच्यात सुमारे नऊ लिटर तेल असते आणि उष्णता वाहून नेण्याचे बरेच काम तेच करते. त्याची पातळी इंजिन पूर्ण तापल्यावर, चालू ठेवून, सपाट जमिनीवरच मोजायची. थंड इंजिनावर काठी कोरडी दिसली म्हणून तेल ओतणारे खूप आहेत, आणि मग ते जास्तीचे तेल एअर फिल्टरमध्ये जाते.

प्रतिसाद – स्टुटगार्टजवळचा

इंजेक्शन पंपाविषयी सहमत आहे, आणि मीच ९११ वाला असूनही पुण्यासाठी ई-टाइप सुचवीन. ज्यांना ९११ च हवी असेल त्यांनी कार्बोरेटरची १९६९ ते १९७१ ची टी पाहावी. भाव एसच्या मानाने पुष्कळ कमी, देखभाल सोपी, आणि घाटात ती जो आनंद देते त्यात बळाचा आकडा आड येत नाही.

धागाकर्त्यांना एकच विचारतो : स्वतः एकच ठेवायची झाली, तर आपण कोणती ठेवाल?

धागाकर्ता

४.२ लिटरची कूपे, १९६५ किंवा १९६६ ची, काचेच्या आवरणाखालचे दिवे असलेली. चालवण्यात ९११ अधिक चोख आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. १९६८ ते १९७० अशी सलग तीन वर्षे मॉन्टे कार्लो रॅली जिंकणाऱ्या गाडीच्या पकडीविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. परंतु ९११ चा विचार कारखान्याने थांबवलाच नाही. तिची पुढची प्रत्येक पिढी त्याच रेषेवर उभी आहे, आणि ज्याला तो अनुभव हवा त्याला तो पुढच्या कोणत्याही दशकातील गाडीत, कमी पैशांत आणि जस्तलेपित पत्र्यासह मिळू शकतो. सेअर यांनी काढलेले ते बॉनेट, चालकाच्या आसनावरून समोर दिसणारी त्याची लांब फुगीर पाठ आणि खाली सावकाश फिरणारे ते सरळ सहा सिलिंडरचे इंजिन, हे पुन्हा कोणीही तसे बनवले नाही. दुसरीकडे न मिळणारी गोष्ट जवळ असावी, हाच माझा निकष आहे.

पुणेकरांनी एखादी विशिष्ट गाडी नजरेत धरली असेल, तर तिचा चासी नंबर येथे उघड न लिहिता बॉनेट आणि दारांच्या फटींची, पुढच्या नळ्यांची आणि मागच्या पिंजऱ्याची छायाचित्रे टाकावीत. रंग लावलेल्या बाजूचे एकही छायाचित्र नसले तरी चालेल.